सोयाबीन, जवस, चणा की महागडी कॅप्सूल: मामांसाठी काय घ्यायचं?

मामांच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला, तो पुढे कॅन्सर होईल का या भीतीने तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मावसभाऊ मोबाईलवर कॅन्सर टाळतात म्हणून लुनासिनच्या कॅप्सूल दाखवून राह्यला, मामी म्हणते रोज सोयाबीनची भाजी करते, आजीचा भरवसा जवसाच्या चटणीवर. तुमच्याही घरी असंच सुरू असेल तर मी जे वाचून काढलं ते कामी येईल.

आधी कॅप्सूल. लुनासिन हे सोयाबीनच्या दाण्यातलं ४३ अमिनो ॲसिडचं (प्रोटीन ज्या कड्यांचं बनतं त्या) छोटं पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा लहानसा तुकडा, नाव टॅगालोग भाषेतल्या 'लुनास' म्हणजे इलाज या शब्दावरून पडलं. बर्कलेच्या संशोधकांनी १९९९ ला दाखवलं की पेशीत ते घुसलं तर तिचं विभाजनच अडतं, आणि पुढे प्रयोगशाळेत असंही दिसलं की बिघडायला लागलेल्या पेशीच्या केंद्रकात जाऊन ते हिस्टोनला, म्हणजे डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या प्रोटीनला, चिकटतं, मग ती पेशी पुढे वाढत नाही. ऐकायला भारी आहे, पण हे बहुतेक सगळं काचेच्या प्लेटमध्ये नाहीतर उंदरांवर. माणसांमध्ये एवढं दिसलंय की रोज ५० ग्रॅम सोया प्रोटीन खाल्लं तर थोडं लुनासिन रक्तात पोचतं. रक्तात पोचणं वेगळं आणि कॅन्सर टळणं वेगळं, म्हणून एवढे पैसे घालायला माझा साफ नकार.

सोयाबीनमध्येच दुसरं एक आहे, बोमन-बर्क इनहिबिटर (इनहिबिटर म्हणजे अडवणारा), ७१ अमिनो ॲसिडचं. किडीने दाणा खाल्ला की तिचं प्रोटीन पचवणारं एन्झाइम बंद पाडायचं हे त्याचं काम, आणि सात गंधकी बंधांनी घट्ट बांधलेलं असल्यामुळे पोटातल्या आम्लाला सहज दाद देत नाही. आता सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्या नागपूरकरांनी नीट वाचा, कारण अमेरिकेत याचा अर्क तोंडातल्या अशाच पांढऱ्या चट्ट्यांवर, म्हणजे ल्युकोप्लाकियावर, देऊन पाहिला. पहिल्या छोट्या चाचणीत चट्टे आक्रसले म्हणून आशा वाढली, मग सहा महिन्यांची मोठी चाचणी झाली, अर्ध्यांना अर्क आणि अर्ध्यांना नुसता दिसायला तसाच पदार्थ, आणि २०१३ ला निकाल आला की दोन्हीकडे जवळपास सारखाच फरक. मला वाचून वाईट वाटलं खरं, पण मामांना हेच सांगावं लागलं.

मग सोयाबीन खायचं की नाही? खा, पण जेवण म्हणून. १०० ग्रॅम दाण्यात साधारण ३६ ग्रॅम प्रोटीन असतं. कच्चं मात्र नाही, रात्रभर भिजवून कुकरला नीट शिट्ट्या होऊ द्या, हा इनहिबिटर त्यात बराच कमी होतो, नाही शिजवलं तर प्रोटीन नीट पचत नाही. आणि घरात कोणी थायरॉईडची गोळी घेत असेल तर गोळी आणि सोयाबीन यात चांगलं अंतर ठेवा.

जवसाचं पेप्टाइड वेगळ्याच घडणीचं आहे, सायक्लोलिनोपेप्टाइड, दोन्ही टोकं जुळून गोल झालेलं. जवसाचं तेल जुनं झालं की जो कडवटपणा येतो ना, तो याच्यामुळेच. कॅन्सरबद्दल पुरावा सोयाबीनपेक्षाही कच्चा आहे, पण आजीची चटणी मी सोडणार नाही, कढईत जवस तडतडेपर्यंत भाजायचं, लसूण, तिखट, मीठ घालून कुटायचं, फायबर आणि ओमेगा-३ तर मिळतंच.

चण्यातही बोमन-बर्क जातीचा इनहिबिटर असतो, तर्रीपोह्यातल्या चण्यात सुद्धा. पण शिजून किती उरतो त्यावर काही अवलंबून ठेवू नका, डाळ म्हणून चांगलाच आहे.

आमच्या घरचं ठरलं ते असं: कॅप्सूल बाद, सोयाबीन आठवड्यातून दोनदा, जवस रोज चमचाभर. पण हे सगळं खर्ऱ्यासमोर काहीच नाही हो. पन्नीत घोटलेली सुपारी आणि तंबाखू, दोन्ही कॅन्सर करतात हे पक्कं ठरलेलं आहे, नुसती सुपारी सुद्धा, आणि मामा दिवसाला चार पन्न्या खात होते. चट्टा किती बिघडलाय ते बायोप्सीशिवाय, म्हणजे त्याचा छोटा तुकडा काढून तपासल्याशिवाय, कळत नाही, मामांची येत्या बुधवारी आहे, आणि खर्रा बंद होऊन आज नववा दिवस.