पॅकेज बँकॉकचे, सुरुवात मात्र अंधेरीला

चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, कुठल्याही ट्रॅव्हल एजंटाकडे गेलात तरी काउंटरवर एक रंगीत कागद हमखास मिळतो: ‘बँकॉक, ३ दिवस २ रात्री, जोडप्यांसाठी’. एजंट बदलला तरी मजकूर तोच. मुंबईहून जाऊन-येऊन विमान, बँकॉकच्या प्रातुनाम भागात तीन-तारांकित हॉटेल, विमानतळावर घ्यायला गाडी, अर्ध्या दिवसाचे शहरदर्शन आणि एका संध्याकाळी चाओ फ्राया नदीवर बोटीत जेवण. पॅकेज वाईट नाही, पण ते मुंबईकराच्या मापाने शिवलेले आहे. आपल्या कोकणातल्या जोडप्याने ते जसेच्या तसे अंगात घातले तर उसवते ते पनवेलच्या अलीकडेच.

पहिली गोची तारखेची. कागदावर ‘शनिवार, ००.३०’ असे छापलेले असते. म्हणजे शुक्रवारी रात्री साडेनऊला मुंबई विमानतळाच्या सहारमधल्या टी-२ टर्मिनलवर हजर राहायचे. शनिवारचे विमान म्हणून शनिवारी घरून निघणारे लोक दरवर्षी निघतात, आणि त्यात शिकलेसवरलेलेही असतात. दादरहून मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसचे तिकीट ज्याने एकदा चुकीच्या तारखेचे काढले आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोची गाडीची. शुक्रवारी दुपारी मांडवी एक्स्प्रेस पकडून रात्री विमानतळ गाठू, हा बेत कागदावर बसतो. पण मांडवी सीएसएमटीला पोचायलाच रात्रीचे साडेनऊ-दहा होतात, आणि विमान कंपनीचे काउंटर उड्डाणाच्या किमान तासभर आधी बंद होते. कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग एकेरी आहे, दुपदरी झाला तो रोहा ते वीर इतकाच. एक गाडी रखडली की मागच्या क्रॉसिंगला उभ्या राहतात. पावसाळी वेळापत्रकात वेग आणखी कमी. वंदे भारतला शुक्रवारी सुट्टी असते, म्हणजे नेमकी हवी त्या दिवशी ती नाही. रस्त्याने जायचे तर माणगावच्या कोंडीत दोन तास सहज जातात.

रेल्वेचे तिकीट आणि विमानाचे तिकीट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. गाडी उशिरा आली म्हणून विमान कंपनी पैसे देत नाही, एजंट तर नाहीच. विमा काढलाच असेल तर ‘मिस्ड डिपार्चर’ (विमान चुकल्यास भरपाई) हे कलम त्यात आहे का आणि त्यात भारतातला रेल्वेप्रवास धरला आहे का, हे वाचून घ्या. बऱ्याच स्वस्त पॉलिसींमध्ये कलम असते आणि त्याखालच्या अटींत ते विरघळलेले असते.

म्हणून गुरुवारी रात्रीची कोकणकन्या घ्या. शुक्रवारी पहाटे मुंबई, दिवसभर डोंबिवली-लालबागला कुणी ना कुणी मामा-काका असतोच, संध्याकाळी विमानतळ. सीएसएमटी आणि दादरहून भुयारी मेट्रो ३ आता थेट टी-२ पर्यंत जाते, टॅक्सीवाल्याशी वाद घालण्याचे कारण उरलेले नाही. तिकिटावरचा कोड मात्र बघा. बीओएम म्हणजे अंधेरीचा जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा. एनएमआय असेल तर पनवेललाच उतरायचे. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्यांना एजंट कधी गोव्याहून जोड देतो. तिथेही जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. एक बांद्याच्या पलीकडे, दुसरा पार वास्कोला.

नावाच्या घोळात सर्वांत जास्त पैसे जातात. लग्नाला वर्ष झालेले, बायकोच्या आधारवर सासरचे आडनाव, पासपोर्टवर माहेरचे. एजंटाला व्हॉट्सअ‍ॅपवर आधारचा फोटो जातो आणि तिकीट त्या नावाने निघते. दुरुस्तीला शुल्क लागते, काही स्वस्त कंपन्या सरळ नवे तिकीट काढायला लावतात. पाठवायचे ते पासपोर्टचे पान, दुसरे काही नाही. मुदतही बघा. परतीनंतर नव्हे, पोचण्याच्या दिवसापासून सहा महिने शिल्लक हवेत.

थायलंडचा डिजिटल प्रवेश अर्ज, म्हणजे टीडीएसी, १ मे २०२५ पासून सक्तीचा आहे. पोचण्याच्या आधीच्या ७२ तासांत भरायचा, दोघांचाही, आणि तो फुकट असतो. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात ‘गो डॉट टीएच’ हा शेवट असतो. पैसे मागणारे पान उघडले असेल तर ते सरकारी नव्हे. काही एजंट ‘टीडीएसी सेवा’ म्हणून बिलात वेगळी रक्कम लावतात. दहा मिनिटांचे काम आहे, स्वतः करा. बिलात टीसीएसही, म्हणजे एजंटाने सरकारसाठी आगाऊ घेतलेला करही दिसेल. तो खराच असतो आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, फक्त पॅन कुणाचा लावला आहे ते तपासा.

बॅगेबद्दल आपल्याकडच्यांना खास सांगायला हवे. सुके खोबरे चेक-इन बॅगेत चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकते, म्हणून मनाई आहे. कोकम आगळ आणि लोणच्याचे तेल हे द्रवच, हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर नाही. हापूसची पेटी घरीच ठेवा, ताजी फळे परवान्याशिवाय तिथे नेण्यावर निर्बंध आहेत. पॉवर बँक उलट हातातल्याच बॅगेत, १०० वॉट-तासांपर्यंत. २०,००० एमएएचची ७४ वॉट-तासांची भरते, त्यामुळे चालते. ई-सिगारेट अजिबात नको, थायलंडमध्ये ती बेकायदा आहे.

साडेबाराला सुटलेले विमान तिथल्या सव्वासहाच्या सुमारास उतरते, घड्याळ दीड तास पुढे. खोली मिळते दुपारी दोनला. हे आठ तास पॅकेजमध्ये कुठेच लिहिलेले नसतात, आणि नवराबायकोचे पहिले भांडण इथेच होते. लॉबीत बॅगा ठेवायची सोय असते, ती ठेवून बाहेर पडा. गाडी भलत्याच विमानतळावर उभी असण्याचे प्रकारही होतात: बहुतेक विमाने सुवर्णभूमीला उतरतात, काही स्वस्त विमाने डॉन मुआंगला. एजंटाकडे आपला फ्लाइट नंबर गेला आहे ना, हे आदल्या दिवशी विचारा. गाडी आलीच नाही तर सुवर्णभूमीच्या तळघरातून एअरपोर्ट रेल लिंक फाया थाई स्थानकापर्यंत ४५ बाथात (बाथ हे थाई चलन) नेते, आणि प्रातुनाम तिथून जवळ आहे. त्याच तळघरातल्या काउंटरवर बाथचा दर वरच्या मजल्यापेक्षा बरा असतो. एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेच्या वर बाथ कापून घेते. यंत्राने ‘रुपयांत की बाथमध्ये’ असे विचारले तर बाथच निवडा.

शहरदर्शन हा पॅकेजचा सर्वांत कच्चा भाग. सोन्याच्या बुद्धाचे ‘वाट त्रायमित’ हे मंदिर दाखवतात, ते सुंदर आहे, पण घाईत उरकतात. उरलेला वेळ जातो रत्नांच्या दुकानात, कारण तिथे गाइडला कमिशन असते. ग्रँड पॅलेस यात बहुधा नसतोच. हा तुकडा वगळून पैसे कमी करून मागा, बरेच एजंट देतात. ग्रँड पॅलेसचे तिकीट ५०० बाथ, आत सोडतात साडेतीनपर्यंतच, आणि खांदे-गुडघे झाकलेले हवेत. दारापाशी कुणी ‘आज बंद आहे’ म्हणत टुकटुक रिक्षाकडे वळवू लागला तर तो ठग समजा आणि सरळ तिकीटखिडकी गाठा.

तिथे जायला टॅक्सीपेक्षा प्रातुनामहून सेन सेप कालव्याची बोट बरी. ती जुन्या शहराच्या कडेला, ‘फान फा’ धक्क्याला सोडते, तिथून पॅलेस दोनेक किलोमीटर. खाडीवरच्या तरीतून आलेल्या-गेलेल्या माणसाला चढ-उतार सोपी जाते. कडेला बसलात तर दोरी ओढून ताडपत्री वर करायची, कारण उडणारे पाणी आपल्या खाडीसारखे नाही, गटाराच्या जवळचे आहे.

बोटीवरच्या जेवणात पनीर आणि दाल असते. त्यासाठी एवढ्या लांब जाणे समजत नाही, पण नदीवरचे दिवे पाहण्यासारखे. मासे खाणाऱ्यांनी बाजारात बांबूच्या टोपलीत मान मुरगाळून ठेवलेला ‘प्ला थू’ शोधावा, तो आपल्या बांगड्याचाच भाऊबंद. शाकाहाऱ्यांनी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात थाई लिपीतले ‘जे’ शोधावे, म्हणजे शाकाहारी. नाही तर भाजीतही माशाचा रस पडतो.

परतीचे विमान संध्याकाळचे असेल तर मुंबईत उतरून बाहेर पडेपर्यंत अकरा वाजतात आणि कोकणकन्या गेलेली असते. उरते तुतारी, तीही विमान वेळेवर आले तर. पहाटेच्या जनशताब्दीचे आरक्षण जास्त भरवशाचे. तुतारीचेच काढायचे असेल तर सोमवारी रात्री उतरणाऱ्यांनी मंगळवारची तारीख टाकावी.