३,२३६ डॉलर ४० सेंटच्या बिजागऱ्या

घरी विमान बांधणाऱ्या माणसाने आपण फसलो असे चारचौघांत सांगणे सोपे नसते, कारण ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की ज्याला साधी बिजागरी ओळखता येत नाही, तो त्या विमानात बसणार कसा. गेले आठ महिने हा प्रश्न मी स्वतःलाच विचारतो आहे. तरीही लिहितो आहे, कारण ज्याने माझ्या विमानाला नकली बिजागऱ्या बसवल्या तो माणूस अजून हेच काम घेत फिरतो आहे आणि त्याचे पुढचे गिऱ्हाईक माझ्याइतके नशीबवान असेलच असे नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांच्या मित्राच्या लेथसमोर उभा राहून माझ्या सुट्ट्या गेल्या. आता डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुंबईत चारकोपच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांची बातमी २०१६ मध्ये वाचली आणि मनात जुना किडा पुन्हा वळवळू लागला. माझ्या विमानाची जात मी सांगणार नाही, कारण आराखडा विकणाऱ्यांचा यात काडीचा दोष नाही. विमान दोन आसनी, पूर्ण ॲल्युमिनियमचे असून एलेरॉन आणि फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग, पंखाला सलग, लांबच लांब पियानो बिजागरीने जोडायचे असतात. बिजागरी कोणती, हे आराखड्यात स्वच्छ लिहिले आहे: एमएस २०००१ या क्रमांकाची, म्हणजे एक्स्ट्रूड केलेली, साच्यातून दाबून काढलेली. तिचे पान आणि पिन ओवायच्या नळ्या एकाच अखंड धातूच्या असतात. काही विमानांच्या आराखड्यांत पत्रा गुंडाळून केलेली, पण विमानाच्याच प्रतीची बिजागरीही चालते. माझ्या आराखड्यात ती चालत नव्हती.

मग हे काम दुसऱ्याला का दिले, असे कोणी विचारील. पत्रे जोडणारे भरीव रिव्हेट ठोकायला सहसा दोन माणसे लागतात. एकाने गन धरायची आणि दुसऱ्याने मागून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. माझा उजवा खांदा त्या वर्षी आखडला होता, बायकोची रात्रपाळी होती आणि मुलगा शिक्षणासाठी बाहेर होता. एका विमान-मेळाव्यात ओळख झालेल्या गृहस्थांनी या माणसाचे नाव दिले. त्याने आपण ए अँड पी, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि इंजिन या दोन्हींचे परवानाधारक मेकॅनिक असल्याचे सांगितले, परवान्याचा क्रमांकही दिला, आणि तो क्रमांक मी वहीत टिपून ठेवला. टिपून ठेवला, तपासला मात्र नाही. मेकॅनिकच्या परवान्याची नोंद सार्वजनिक संकेतस्थळावर दोन मिनिटांत पाहता येते. ती दोन मिनिटे मी वाचवली.

हिशेब असा. सहा फुटी बिजागरीच्या चार पट्ट्या, प्रत्येकी १२१ डॉलर ६० सेंट, म्हणजे ४८६ डॉलर ४० सेंट. पावतीवर ‘एमएस २०००१’ असे टंकलेले. मजुरी २,४०० डॉलर, त्यातले १,२०० आगाऊ आणि १,२०० काम संपल्यावर. शेवटी ‘बिजागरी भार-चाचणी प्रमाणपत्रा’चे ३५० डॉलर. एकूण ३,२३६ डॉलर ४० सेंट, सगळे बँकेच्या ॲपवरून थेट त्याच्या खात्यात. कार्डाने दिल्यास चार टक्के जास्त पडतील असे तो म्हणाला आणि ते चार टक्के वाचवण्यात मी धन्यता मानली. अनोळखी माणूस कार्ड नको म्हणू लागला की ते काम तिथेच थांबवावे. आणि घरी बांधलेल्या विमानासाठी असले भार-चाचणीचे कोणतेही प्रमाणपत्र कोणालाही लागत नाही, हे मला ३५० डॉलर मोजल्यानंतर कळले.

आता ज्या क्षणी माझे डोळे उघडायला हवे होते, त्या क्षणाविषयी. कामाचा दुसरा दिवस होता. त्याने डाव्या एलेरॉनसाठी पट्टी मापाने कापली आणि साधारण बोटभर लांबीचा तुकडा गॅरेजच्या फरशीवर पडला. रात्रपाळीला निघालेल्या बायकोने तो उचलला, टोकाकडून निरखला आणि सहज म्हणाली, “अहो, ही तर आपल्या देवघराच्या दाराला आहे तसलीच बिजागरी दिसतेय.” मी हसलो. तुकडा हातात घेऊन तिला समजावले की विमानाच्या वस्तू दिसायला साध्याच असतात, फरक धातूच्या गुणात असतो. तो तुकडा माझ्या हातात होता, दिवा डोक्यावर होता, चष्मा डोळ्यांवर होता. टोकाकडून पाहिले असते तर पत्र्याची कड गोल वळून पुन्हा पानाला टेकते तिथली फट, म्हणजे शिवण, दिसली असती. एक्स्ट्रूड केलेल्या बिजागरीला अशी शिवण नसतेच. मी तो टोकाकडून पाहिला नाही, कारण मला तिला शिकवायचे होते. तो तुकडा मी केरात टाकला, तिने तो केरातून काढून ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि आज माझ्याकडे असलेला एकमेव धड पुरावा तोच आहे.

दुसरी खूणही त्याच आठवड्यातली. बिजागरीची रेष सरळ असेल तर पिन थोडे वंगण लावून हाताने पुष्कळ आत जाते. लांब फ्लॅपच्या वेळी पिन ड्रिलमध्ये धरून फिरवत आत घालण्याची युक्ती अनेक जण करतात, हे मला माहीत होते, म्हणूनच त्याने ड्रिल काढले तेव्हा मी गप्प राहिलो. पण त्याची पिन निम्म्यावर अडकून किंचाळत होती. नंतर पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणला तेव्हा मधल्या भागात बिजागरीची रेष तीन मिलिमीटरने झुकलेली निघाली. दोरा फुकट मिळतो. पैसे देण्याआधी ताणा.

हे उघडकीला आणले ते ईएए या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेच्या स्वयंसेवक तांत्रिक सल्लागाराने. ही मंडळी आपल्या गॅरेजमध्ये येऊन काम पाहतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. मी त्यांना दीड वर्ष बोलावले नव्हते, कारण माझे ओबडधोबड रिव्हेट त्यांना दाखवायची लाज वाटत होती. सत्तरी ओलांडलेले ते गृहस्थ आले, त्यांनी एलेरॉन हातात धरून हळूच वरखाली हलवले, नळीच्या शिवणीवर अंगठ्याचे नख फिरवले आणि मला म्हणाले की हे विमान धावपट्टीवर नेण्याचा विचारही करू नकोस. मग त्यांनी रिव्हेट दाखवले. आराखड्याप्रमाणे एडी जातीचे हवेत, ज्यांच्या डोक्याच्या मधोमध बारीक खळगा असतो. इथली सगळी डोकी सपाट गुळगुळीत होती, म्हणजे मऊ ॲल्युमिनियमची. रिव्हेटचा व्यास एक अष्टमांश इंच असेल तर भोकाच्या मध्यापासून काठापर्यंतचे अंतर निदान त्याच्या दुप्पट, म्हणजे ६.३५ मिलिमीटर ठेवावे, हे एसी ४३.१३-१बी या सरकारी पुस्तिकेत कोणालाही वाचता येते. माझ्या डाव्या एलेरॉनवर अकरा भोके काठापासून जेमतेम चार मिलिमीटरवर होती आणि त्यांतल्या दोहोंवर पुटी भरून रंग मारला होता. पिन बाहेर सरकू नये म्हणून तिची टोके तारेने बांधायची, तर त्या मेकॅनिकने ती फक्त वाकवून सोडली होती.

ही सारी बारकाव्यांची कटकट ज्यांना वाटते, त्यांनी फ्लटर म्हणजे काय ते समजून घ्यावे. ढिल्या बिजागरीवरचा पृष्ठभाग एका विशिष्ट वेगाला आपोआप फडफडू लागतो आणि काही सेकंदांत स्वतःला, कधी पंखालाही, तोडून टाकतो. झेनिथ सीएच ६०१ एक्सएल या विमानांची उड्डाणे थांबवा, अशी शिफारस अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीला एप्रिल २००९ मध्ये करावी लागली ती हवेत तुटलेल्या विमानांमुळेच, आणि पुढे सुचवलेल्या दुरुस्तीत एलेरॉनला संतुलनाची वजने लावणे हा एक भाग होता. मी त्या यादीत जाऊ शकलो असतो. माझ्याबरोबर पहिल्यांदा बसायला बायको तयार झाली होती.

आता यंत्रणांविषयी, ज्यांच्याकडे मी भोळेपणाने न्याय मागायला गेलो. विमान-सुरक्षेच्या आमच्या विभागीय कार्यालयाने मला सत्तेचाळीस मिनिटे फोनवर ताटकळत ठेवून असे सांगितले की बनावट सुट्या भागांची तक्रार ही प्रमाणित विमानांच्या भागांबद्दल असते. घरी बांधलेल्या प्रायोगिक विमानाला मंजूर भागांचे बंधनच नसल्यामुळे त्यात नामंजूर भाग असणे संभवत नाही. हे वाक्य मी तीन वेळा ऐकून घेतले. मग पलीकडच्या बाईंनी विचारले की हे काम नेमके कोणी केले. इथे माझी खरी गोची आहे. आपल्या विमानाचा ५१ टक्के भाग आपण हौशीने, शिकण्यासाठी बांधला असे सिद्ध करावे लागते, आणि पैसे देऊन करून घेतलेले काम त्या टक्क्यांत धरले जात नाही. मी नियम मोडलेला नाही. मदत विकत घेता येते, आणि माझे टक्के तिच्याशिवायही भरतात. पण पुढे त्याच कार्यालयाकडे मला माझ्या विमानाचे रिपेअरमन प्रमाणपत्र, म्हणजे त्याची वार्षिक तपासणी स्वतः करण्याची मुभा, मागायची आहे, म्हणून त्या प्रश्नावर मी चाचरलो आणि चाचरल्यामुळे गुन्हेगार मीच ठरल्यासारखे वाटले. परवान्याचा क्रमांक खोटा निघाला, नोंदवहीत तो अस्तित्वातच नाही, हे मी लेखी कळवले. अकरा आठवड्यांनी दोन ओळींचे पत्र आले: आपण दिलेल्या माहितीची नोंद घेण्यात आली आहे.

पोलिसांनी हा दिवाणी वाद ठरवला. खोटा परवाना, खोटा माल, खोटे प्रमाणपत्र, आणि तरीही तो कामाच्या दर्जाबाबतचा मतभेद! बँकेचे म्हणणे असे की पैसे तुम्हीच, तुमच्याच फोनवरून, तुमच्याच बोटाने पाठवले, तेव्हा ही फसवणूक आमच्या व्याख्येत बसत नाही. मग त्यांची व्याख्या आहे तरी कोणासाठी? टेक्ससमध्ये वीस हजार डॉलरपर्यंतचा दावा जस्टिस कोर्टात वकिलाशिवाय लावता येतो, म्हणून ५४ डॉलर भरून तोही लावला आणि समन्स बजावण्याचे ८५ डॉलर वेगळे भरले. समन्स परत आले, कारण पावतीवरचा पत्ता म्हणजे एका दुकानातली भाड्याची टपालपेटी होती. माणसाकडून काम करून घेताना त्याच्या गाडीचा क्रमांक टिपून ठेवा. पत्त्याचा काही भरवसा नाही.

नुकसान ३,२३६ डॉलर ४० सेंटवर थांबले नाही. दोन्ही एलेरॉनचे पत्रे, त्यांचे स्पार (आतले लांब आधार-तुळे) आणि पंखाच्या मागच्या स्पारचा एक भाग नव्याने करावा लागतो आहे. आतापर्यंत १,१७८ डॉलर २५ सेंट गेले. पुण्यातल्या भावाला हा आकडा रुपयांत सांगण्याचे धाडस अजून झालेले नाही. नवी बिजागरी आली तेव्हा पार्सल फोडल्याबरोबर बायकोने भिंग आणून दिले, एक शब्द न बोलता, आणि मी चारही पट्ट्या दोन्ही टोकांकडून तपासल्या.

गेल्या रविवारी त्याची नवी जाहिरात दिसली. नाव वेगळे आहे, फोन वेगळा आहे, दर तोच. ‘आमच्या कामाचा नमुना’ म्हणून लावलेल्या छायाचित्रात डावे एलेरॉन आहे आणि त्याच्या मागे फळीवर लाल झाकणांच्या सहा बरण्या ओळीने दिसतात. त्या बरण्यांत आमचे कैरीचे लोणचे आहे.