जर्सीचं दुकान चांगलं, पण छेत्रीत एक 'एच' कमी

भाच्याला वाढदिवसाला फुटबॉलची जर्सी हवी होती. भुसावळच्या बाजारात एक लहानसं दुकान आहे, नाव-नंबर समोरच प्रेस करून देतात म्हणून तिथे गेलो. खालपासून वरपर्यंत हँगरच हँगर. मेस्सी, रोनाल्डो, नेमार, एम्बाप्पे, सगळे एका दांडीवर.

मी म्हटलं, "सुनील छेत्री द्या. अकरा नंबर."

"मेस्सी घ्या ना भो, तयार आहे. छेत्री कोणी मागतच नाही."

त्याचंही खोटं नाही. २०१८ मध्ये मुंबईत आपण चायनीज तैपेईला, म्हणजे तैवानला, ५-० हरवलं, भारताचा कर्णधार छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला जेमतेम अडीच हजार लोक. शेवटी त्याने व्हिडिओ टाकून हात जोडले, शिव्या द्या पण मैदानात येऊन द्या. तेव्हा कुठे पुढचा केनियाचा सामना हाऊसफुल झाला. तो त्याचा शंभरावा सामना, भर पावसात त्याने दोन गोल केले. जून २०२४ मध्ये निवृत्त झाला तेव्हा देशासाठी १५१ सामन्यांत ९४ गोल होते. तेव्हा खेळत असलेल्यांत त्याच्या पुढे दोघंच, रोनाल्डो आणि मेस्सी. आता कोणी म्हणेल, नेपाळ-मालदीवला मारलेले गोल ते. मान्य. अमेरिकेतला कॅन्सस सिटी क्लब आणि पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबची 'ब' टीम करून आला, पण तिकडे जम बसला नाही, हेही मान्य. पण मेस्सी-रोनाल्डोच्या मागे उभी असते तशी टीम याला कधी मिळाली? आधीचा कर्णधार बायचुंग भूतियानंतर इतकी वर्षं सगळा भार याच्याच खांद्यावर.

हे सगळं मी दुकानात ऐकवलं. गडी ऐकत होता, हात मात्र कॅल्क्युलेटरवर. छपाईचा भाव अक्षरामागे २० रुपये. मेस्सी इंग्रजीत पाच अक्षरांत उरकतो, छेत्रीला (CHHETRI) सात लागतात!

कापड मस्त आहे. मे महिन्यातल्या आपल्या उन्हातही अंगाला चिकटत नाही, शिवण पक्की, निळा रंग बनियनला लागला नाही. काम दहा मिनिटांत झालं. घरी येऊन पाहतो तर नावात एकच 'एच'. भाच्यानेच पकडलं.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. मालकाने वाद घातला नाही, पैसेही घेतले नाहीत, पण बाकीची अक्षरं सरकवायला जागा नव्हती म्हणून दुसरा 'एच' जरा वर, तिरपा बसवला. पाचपैकी साडेतीन. स्पेलिंग कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या आणि प्रेस मारण्याआधी अक्षरं मोजा. दुपारी जाऊ नका, शटर अर्धं खाली असतं.

तीनदा धुऊन झाली. पहिला 'एच' कोपऱ्यातून सुटायला लागलाय. तिरपा घट्ट आहे.