जामदारखान्यातलं ओमेगा की शहापूरचं?

सोन्याचं जुनं मनगटी घड्याळ घ्यायचं म्हटलं की आपल्या बेळगाव भागात दोन वाटा दिसतात. एक म्हणजे लिलावात आलेलं, कुठल्या तरी संस्थानिकाच्या नावाचं. दुसरी म्हणजे शहापूर, निपाणीच्या एखाद्या जुन्या व्यापारी घरातलं, ओळखीतून आलेलं, पाठीशी कुठलंच नाव नसलेलं. मला दोन्ही जवळपास एकाच वेळी बघायला मिळाली. दोन्ही ओमेगा, दोन्ही अठरा कॅरट, दोन्हींत ३०टी२ नावाचं ओमेगाचं चावीचं मशीन, खाली छोटा सेकंद, म्हणजे सेकंदकाट्याची वेगळी छोटी चकती. मशीनचं कौतुक करत बसत नाही.

संस्थानी घड्याळाच्या मागच्या झाकणावर राजमुद्रा कोरलेली होती. सोबत जामदारखान्याच्या, म्हणजे संस्थानाच्या खजिन्याच्या, यादीतल्या एका पानाची प्रत होती आणि त्यात ‘सोन्याचे मनगटी घड्याळ, नग १’ अशी नोंद, पुढे केसचा, म्हणजे घड्याळाच्या सोन्याच्या कवचाचा, नंबर. संस्थानाचं नाव मी इथे घेत नाही, घराणं अजून नांदतं आहे. दक्षिणेतली बहुतेक छोटी संस्थानं ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झाली. खासगी काय आणि सरकारी काय याच्या याद्या तेव्हा करून झाल्या, आणि पुढे १९७१ ला तनखेही गेले. आज लिलावात जे येतं त्यातलं बरंचसं त्यानंतर कपाटात पडून राहिलेलं असतं.

तसं बघितलं तर शहापूरही तेव्हा सांगली संस्थानातच होतं, त्यामुळे दुसरं घड्याळसुद्धा संस्थानीच म्हणायला हरकत नाही. विकणाऱ्याने मात्र तसं म्हटलं नाही, एवढा त्याचा मोठेपणा.

किमतीचं आधी सांगतो, म्हणजे अर्ध्या लोकांचा निर्णय इथेच होईल. बोलीवर लिलाववाल्यांचं कमिशन, वर जीएसटी असं धरून संस्थानी घड्याळ शहापूरच्या दुपटीच्या पुढे गेलं. सोनं दोन्हींत तेवढंच, तोळा-दीड तोळा. वरचे पैसे मुद्रेचे आणि त्या पानाचे. आता बाओ दाईच्या रोलेक्सची गोष्ट कुणीतरी सांगेलच. व्हिएतनामच्या त्या शेवटच्या बादशहाचं सोन्याचं घड्याळ २००२ ला सुमारे साडेतीन लाख स्विस फ्रँकना गेलं होतं आणि २०१७ ला जिनिव्हात पन्नास लाखांच्या वर. गोष्ट खरी आहे, पण ती बादशहाची. आपल्याकडच्या नऊ तोफांच्या, किंवा तेवढीही सलामी नसलेल्या संस्थानांच्या नावावर असला हिशेब मांडू नये. गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर शहापूरचं घ्या आणि उरलेल्या पैशांचं सोनं घ्या, असं मी तरी सांगेन.

माझं अडलं ते डायलवर.

चाळीस-पन्नासच्या दशकातल्या सोन्याच्या बऱ्याच केसचं मागचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं असतं, आत पाणी अडवणारी रिंग नसते. खानापूरकडच्या किंवा बेळगावच्या पावसाळ्यात मनगटावरचा घाम आणि हवेतली ओल आत शिरते. डायलवरचा लाखेचा पातळ थर फुगतो, डाग पडतात. मालकाला ते बघवत नाही. मग घड्याळ दुरुस्तीला गेलं की डायल ‘नवी करून’ येते, म्हणजे जुना थर घासून काढायचा, वर रंग द्यायचा आणि आकडे पुन्हा छापायचे. आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की न रंगवलेली डायल दाखवली तर लोकांना तीच खराब वाटते.

शहापूरचं घड्याळ हातात घेतलं तेव्हा डायल चकचकीत पांढरी होती आणि मला तिथेच शंका आली. खडेबाजारातल्या माझ्या नेहमीच्या कारागिरांनी भिंग लावलं आणि म्हणाले, ‘हे रंगवलेलं आहे की हो! ओमेगाचा ‘ओ’ बघा, केवढा जाड आलाय.’ मग एकेक दिसायला लागलं. मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या समोर नीट बसत नव्हत्या. छोट्या सेकंदाच्या खोलगट चकतीतली बारीक वर्तुळं रंगाखाली बुजली होती. सगळ्यात खाली काठाला ‘स्विस मेड’ असतं, तेच गायब. घड्याळ चालत होतं उत्तम. पण एकदा हे डोळ्यात बसलं की वेळ बघायला गेलं तरी नजर त्या ‘ओ’वरच जाते. नंतर मी खरेदीचा निर्णय बाजूला ठेवून अशीच बिननावाची आणखीही सोन्याची घड्याळं बघितली. बहुतेकांची तीच कथा.

संस्थानी घड्याळाची डायल पिवळसर पडली होती, चारच्या आकड्याजवळ एक डागही होता. पण तिला कुणाचा हात लागलेला नव्हता. याचं श्रेय महाराजांना द्यायला नको. ते घड्याळ फारसं कुणी वापरलंच नाही, तिजोरीत राहिलं, म्हणून वाचलं. मला विचाराल तर संस्थानी घड्याळाचा खरा फायदा हाच, मुद्रा नंतर. अर्थात सगळेच राजे असे नसतात. चीनचा शेवटचा बादशहा पुयी याच्या पाटेक फिलिप कंपनीच्या घड्याळाची डायल प्लॅटिनमची आहे की नाही हे बघायला त्यानेच ती नोकराकडून खरवडून घेतली, असं सांगतात. २०२३ ला हाँगकाँगमध्ये ते घड्याळ तरीही जवळपास पाच कोटी हाँगकाँग डॉलरना गेलं.

कागदांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. २०२१ ला जिनिव्हात तीस लाखांवर फ्रँकना विकलं गेलेलं एक ओमेगा वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेलं निघालं, आणि त्यात स्वतःच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचं ओमेगाने २०२३ ला सांगितलं. शिवाय वाटणीचा प्रश्न असतो. इथिओपियाचा बादशहा हैले सेलासी याचं सोन्याचं पाटेक २०१५ ला मालकीच्या वादामुळे लिलावातून मागे घ्यावं लागलं होतं, ते पुढे २०१७ ला विकलं गेलं. आपल्याकडच्या घराण्यांतही चुलत-सावत्र कमी नाहीत.

वापराच्या बाबतीत शहापूरचं सरस, हे मान्य करायला हवं. लग्नाला घाला, ओरखडा पडला तर पॉलिश करा, कुणी विचारणार नाही. मी शेवटी घेतलं ते संस्थानी, त्याला पॉलिश चालत नाही, मुद्रा पुसट होते. तेल सुकलं होतं, तर कारागिरांनी मशीन साफ करून दिलं, पण डायलच्या बाजूला हात लावायचा नाही असं मी आधीच बजावलं होतं. पावसाळ्यात मी ते घालत नाही. रोज घालायला हवं असेल त्याला हे सगळं नको वाटेल, आणि ते बरोबरच आहे.

तरीही दोन्ही समोर असतील आणि पैशांची फार ओढाताण होणार नसेल, तर लिलावाच्या बाजूने जरा झुकून बघा. बोलीच्या आधी तीन फोटो मागा: झाकणाच्या आतल्या नंबरचा, मशीनच्या नंबरचा, आणि काच काढून घेतलेला डायलचा. तिसरा द्यायला टाळाटाळ केली तर बोली लावू नका. शहापूरचं अजून विकायचं आहे, असं परवाच कानावर आलं.