जुनी पाणबुडी की नवी? इंजिनवाल्यांचा हिशेब

मराठवाड्याला समुद्र नाही, तरी नौदलाच्या इंजिनरूममध्ये लातूर-परभणीची पोरं भेटतातच. त्यातलं एखादं लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या इंजिन शिक्षण केंद्रात शिकून पाणबुडीसाठी नाव द्यायचं म्हणालं, की आम्हा रिटायर मंडळींत वाद ठरलेला: रशियन बोट बरी की नवी कलवरी?

फॉक्सट्रॉट या जुन्या रशियन पाणबुड्यांचा विषयच संपला. 1967 साली आलेली पहिली ‘कलवरी’ त्याच जातीची. तीन डिझेल इंजिनं, तीन शाफ्ट आणि कान फाडणारा आवाज. बघायचीच असेल तर विशाखापट्टणमला संग्रहालय झालेली ‘कुरसुरा’ बघा. आता तुलना 1986 पासूनच्या रशियन सिंधुघोष वर्गाची आणि तेच नाव घेऊन 2017 पासून आलेल्या नव्या कलवरी वर्गाची.

सिंधुघोषवर काम हातानं शिकायचं. गेजवर रशियन अक्षरं, पाइपाला तळवा टेकवून पंपाची थरथर ओळखायची. कोणता व्हॉल्व्ह कुठं, हे अंधारात सांगता आलं पाहिजे. कलवरीवर बरंचसं पडद्यावर दिसतं, बसल्या जागेवरून चालवता येतं. पण सिंधुघोषवर माणसं पन्नासच्या वर, इथं चाळीस-पंचेचाळीस. त्यामुळं आराम मिळेल या भ्रमात राहू नका, एकाच्या डोक्यावर दोन कामं असतात. बिघाडही पान्यानं सुटेलच असं नाही, कधी इलेक्ट्रॉनिक कार्ड बदलावं लागतं.

काही गोष्टी मात्र दोन्हीकडं सारख्याच. बॅटरी चार्ज करायला बोट पाण्याखालून नळी वर काढते आणि डिझेल लावते. लाट आली की नळीचा व्हॉल्व्ह झाकतो, इंजिन आतलीच हवा ओढतं आणि कानाला दडे बसतात. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, हवेत तो 4 टक्के झाला की ठिणगीची भीती. त्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवायची. पाणी जपून वापरायचं तर लातूरकरांना कुणी शिकवायला नको, 2016 साली आपण रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलोय.

माझं मत विचाराल तर विशीतल्या पोरानं कलवरीच धरावी. सिंधुघोष वर्गातली ‘सिंधुध्वज’ 2022 मध्येच निवृत्त झाली, बाकीच्याही त्याच वाटेवर. कलवरीच्या सहाही बोटी मुंबईत माझगाव डॉकला बांधल्या, शेवटची ‘वाघशीर’ जानेवारी 2025 मध्ये दाखल झाली. आमच्यातले काही जुने म्हणतात, रशियन बोटीवर हात बसल्याशिवाय मेकॅनिक होत नाही. खरं आहे, पण त्यासाठी अख्खी नोकरी तिथं घालवायची गरज नाही.

बोट कोणती मिळेल हे शेवटी नौदलच ठरवतं. त्याआधी विशाखापट्टणमच्या आयएनएस सातवाहन या पाणबुडी शिक्षण केंद्रात शिकावं लागतं. आपल्या पैठणच्या सातवाहनांचंच नाव आहे ते. बुडालेल्या बोटीतून बाहेर पडायचं शिक्षणही तिथंच. कलवरीसाठी त्याच शिक्षणाची ‘विनेत्र’ ही वेगळी सोय 2024 च्या डिसेंबरात सुरू झाली. कानाचं काही दुखणं असेल तर नाव देण्याआधीच डॉक्टरला दाखवून घ्या.