अकरा महिन्यांनंतर: लपण झकास, पिशवी भिकार

दोन माणसांचं पॉप-अप लपण, म्हणजे आत लपून पक्षी जवळून बघायचा घडीचा तंबू. मापं-वजनं जाहिरातीत असतात, ती सोडतो. मी पेटून लिहायला बसलोय ते पिशवीवर.

गेल्या नोव्हेंबरात घेतलं. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याच्या हद्दीबाहेर, मामांच्या शेततळ्यावर लावायचो. उभं राहतं दहा सेकंदात. आत स्टूल टाकून बसलं की धनवर बदकं निवांत जवळ येतात. चक्रवाक मात्र शेवटपर्यंत लांबच राहिले. छपाई परदेशी पानगळीची, तपकिरी. हिरव्यागार गव्हाच्या बांधावर ते लपण जत्रेतल्या तंबूसारखं उठून दिसतं. मी वरून उसाचं पाचट टाकायचो. पक्ष्यांची तक्रार नाही.

मार्चअखेर पक्षी गेले. शेवटच्या दिवशी पहाटेच्या दवात आवरलं, आठाच्या आकड्यात पीळ देऊन पिशवीत कोंबलं आणि नाशिकला पोटमाळ्यावर टाकलं. सप्टेंबरात उघडलं तर घरभर कुबट वास, कापडावर बुरशीचे काळे ठिपके, कापड ताणणाऱ्या पोलादी कडीच्या शिवणीला गंजाचा डाग. आईने ते उंबऱ्याबाहेर ठेवायला लावलं.

विक्रेत्याला फोन केला. उत्तर: 'सर, ओलाव्याचं नुकसान वॉरंटीत येत नाही.' चार हजार आठशे रुपये! कापडच भिकार, असा रिव्ह्यू त्याच रात्री लिहून ठेवला होता. नशीब, टाकला नाही.

कारण पुढच्या रविवारी मामांनी पिशवी हातात घेतली. आतून प्लॅस्टिकचा लेप, एकही भोक नाही आणि इतकी तंग की घडीत हवाच राहत नाही. मामा म्हणाले, "अरे भाच्या, ओला कांदा प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधून ठेवशील का तू?" मग मला कांदे साठवायच्या चाळीत घेऊन गेले. उन्हाळ कांदा एप्रिलपासून तिथेच पडून: बाजूला फटी, खाली फटी, वारा आरपार.

तर कापडाची माफी मागतो. सुक्या ब्रशने बुरशी झाडली, पातळ व्हिनेगरने पुसलं, दोन दिवस वाळवलं. ठिपके पुसट झाले, गेले नाहीत. डिटर्जंट लावू नका: पांढरेपणा आणणारी पावडर अतिनील प्रकाशात चमकते आणि ती चमक बऱ्याच पक्ष्यांना दिसते.

आता लपण चाळीच्या आढ्याला, जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळून टांगलंय. जमिनीवर ठेवलं तर उंदीर, उघड्यावर ठेवलं तर उन्हाने रंग उडतो. वरून ताडपत्रीचा तुकडा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला ते जुनं बारदान वाटतं. पिशवीवर ठळक 'हंटिंग ब्लाइंड', म्हणजे शिकारीचं लपण, असं छापलंय. १९७२ चा वन्यजीव कायदा असलेल्या देशात ती अक्षरं चारचौघांत मिरवायची हौस मला नाही. एकदा एका शेजाऱ्याने विचारलंच, "बंदूक कुठंय?"

लपणाला पाचपैकी चार, पिशवीला शून्य. पिशवीत सध्या मामींची लसूण आहे, तोंड उघडं ठेवून. लपणाला कांद्याचा वास येतोय, पण धनवर बदकांना तो चालत असावा. परवा दोन आली होती.