सडकी फळी एवढी जड नसते

आमचं घर शुक्रवार पेठेतलं, पणजोबांच्या वेळचं. वरची माडी कडीपाटाची, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या ठोकलेली. मधोमध अशी खचलेली की पोराची गोटी कुठूनही सोडा, मधेच येऊन थांबायची. गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, पाहुणे यायच्या आत फळ्या दुरुस्त करून, लेव्हल काढून वर लॅमिनेट टाकायचं ठरलं. मिस्त्री ओळखीतून आला होता, रस्त्यावरून उचलला नव्हता. हे आधीच सांगतो, कारण हसणारे खूप भेटलेत.

बोली 84,000 ची. नऊ सडक्या फळ्या बदलायच्या, नगाला 1,800. त्यावर 18 एमएम मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायच्या सहा शीट, 22,200. बाकी लॅमिनेट, मजुरी. आधी 35,000 दिले, मग 28,000, मग 16,000. एकूण 79,000. उरलेले 5,000 मागायला तो फिरकलाच नाही, आणि मी मूर्ख खूश!

पण खरी चूक त्या आधीची. शनिवारी दुपारी लवकर घरी आलो तर टेम्पोत जुन्या फळ्या भरणं चाललेलं. ‘वाळवीचा कचरा आहे मालक, फेकून देतो.’ जिन्याच्या वळणावर एक फळी अडकली म्हणून मीच एका टोकाला हात लावला. खाली नेईपर्यंत दोघांनाही धाप लागली. वाळवीनं खाल्लेली फळी पापडासारखी हलकी असते हो, बोट लावलं की भुगा! हिच्या घासलेल्या कडेला सागाचा सोनेरी रंग स्वच्छ दिसत होता. दिसला, तरी बोललो नाही. वर त्या पोरांना चहा पाजला. सकाळी नऊला घर सोडणाऱ्या माणसानं कुठं कुठं बघायचं?

मेच्या उन्हात सांधे उकलले, कपाट पुढं झुकलं. दुसऱ्या सुताराकडून उघडून घेतलं. नवी फळी एकही नाही! अर्ध्या खोलीत कड्यांवर नुसता प्लाय, खोलगट जागी पुठ्ठा नि थर्माकोल. शीटवर आयएस 303 चा, म्हणजे साध्या प्लायचा शिक्का. मरीनला 710 असतो. शिक्का खाली करून ठोकलेला. भिंतीत शिरणारी कडीची टोकं पोखरलेली, वरून डांबर फासलेलं. प्लाय ठोकायच्या आधी ती टोकं स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. स्वतः बघा, फोटोवर जाऊ नका.

चौकीत गेलो. ‘हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा.’ दुसऱ्या एका कार्यालयात गेलो तर ‘पक्कं बिल?’ बिल मागितलं तेव्हा तो ‘अठरा टक्के जीएसटी लागेल मालक’ म्हणाला होता, मी गप्प बसलो. तिसऱ्या ठिकाणी साहेब जेवायला गेलेले, चार वाजेपर्यंत जेवतच होते. परत चौकीत, तर ‘तुम्ही स्वतःच फळ्या टेम्पोत चढवल्या ना?’ आणि दोघं हसले. मी फसलो, बुडालो, आणि चौकशी माझीच!

पैसे ऑनलाइनच द्या, निदान पुरावा राहतो. माझे 35,000 रोख गेले. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, हे मला कुणी सांगितलं नाही, मीच शोधलं. आणि जुनं लाकूड घराबाहेर जाऊ देऊ नका, सडकं असलं तरी.

नवा सुतार म्हणतो, कमकुवत कडीला जोडकडी बोल्टनं आवळू, पाचरी मारून लेव्हल काढू, फळ्या जुन्या बाजारात मिळतील, 2,400 ला एक. परवा बघायला जाणार आहे. आमची असेल तर ओळखेन. एका फळीवर आत्यानं लहानपणी खिळ्यानं नाव कोरलं होतं.